नाशिकला बाहेरून काय आलं आणि त्यातलं काय रुजलं

लासलगावची ओळख कांद्याची. याच लासलगावात भाभा अणुसंशोधन केंद्राने या शतकाच्या सुरुवातीला ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र उभं केलं. हेतू सरळ होता. कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा हलका डोस कांद्याला दिला की साठवणुकीत त्याला कोंब फुटत नाहीत. पुढे 2007 मध्ये अमेरिकेने जवळपास 18 वर्षांनी भारतीय आंबा पुन्हा घ्यायचं ठरवलं आणि अट घातली, की कोयीतला भुंगा किंवा फळमाशीसारखी कीड आंब्याबरोबर येता कामा नये. त्यासाठी फळाला किमान 400 ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचं एकक) इतकं विकिरण दिलेलं हवं. अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळालेलं भारतातलं पहिलं केंद्र लासलगावचं ठरलं. कांद्यासाठी बांधलेल्या केंद्रातून कोकणातला हापूस अमेरिकेला जाऊ लागला.

यात लासलगावचं स्वतःचं काय होतं? किरणांचं शास्त्र तुर्भ्याच्या भाभा केंद्राचं, नियम वॉशिंग्टनचा, आंबा रत्नागिरी-देवगडचा. लासलगावकडे होती ती कांद्याच्या निमित्ताने उभी राहिलेली सोय आणि नाशवंत माल हाताळायची सवय. बाहेरून आलेल्या तीन गोष्टी इथल्या एका गोष्टीला येऊन मिळाल्या आणि कुणाच्या योजनेत नसलेलं काम सुरू झालं.

एखाद्या जिल्ह्यात नवा उद्योग येतो कसा, याचा अभ्यास करणारी अर्थशास्त्राची एक शाखाच आहे. आर्थिक भूगोलात मोडणारी ही मंडळी गेली 20-25 वर्षं एकाच प्रश्नामागे आहेत: काही प्रदेश एका धंद्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सहज जातात आणि काही एकाच धंद्यात अडकून त्याच्याबरोबरच खाली येतात, असं का? त्यांची उत्तरं नाशिकला फार जवळची आहेत. गुंतवणूक परिषदा आणि सामंजस्य करारांच्या बातम्यांमध्ये मात्र ती कुठे दिसत नाहीत, म्हणून हा लेख.

पहिलं उत्तर असं, की प्रदेश सहसा लांब उडी मारत नाहीत. फ्रँक नेफके, मार्टिन हेनिंग आणि रॉन बोश्मा यांनी स्वीडनच्या 70 प्रदेशांचा 1969 ते 2002 या काळातला कारखानदारीचा इतिहास तपासला. 2011 मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: प्रदेशात आधीपासून असलेल्या उद्योगांशी ज्याचं नातं आहे, असा उद्योग तिथे नव्याने येण्याची शक्यता जास्त असते. ज्याचं कुणाशीच नातं नाही, तो आधी बंद पडतो. त्याआधी, 2007 मध्ये, सेझार हिदाल्गो, रिकार्डो हाउसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशांच्या निर्यातीवरून हेच दाखवलं होतं. देश आज जे बनवतात, त्याच्या आसपासचंच काही उद्या बनवू लागतात.

कारण समजायला अवघड नाही. धंद्याचं ज्ञान कागदावर थोडं आणि माणसांच्या हातात जास्त असतं. लेथवर जॉब कापताना आवाज बदलला की टूल बोथट झालंय, हे टर्नरला कळतं. कुठल्याही पुस्तकातून ते येत नाही. असं ज्ञान माणसाबरोबर चालतं, आणि माणसं बहुधा आपल्याच गावात नोकरी बदलतात. त्यामुळे एका कारखान्यातलं कसब शेजारच्या, थोड्या वेगळ्या कारखान्यात जातं आणि त्यातून तिसरं काही उभं राहतं.

पण इथेच घोळ आहे. सगळे आपल्याच गावातलं, आपल्याच ओळखीचं ज्ञान फिरवत राहिले तर काही वर्षांनी नवं काही उरत नाही. एकच तंत्र, एकच गिऱ्हाईक, एकच बाजार. तो बाजार कोसळला की सगळे एकदम कोसळतात. म्हणून बाहेरचं ज्ञान लागतंच. मात्र बाहेरचं ज्ञान इथल्या माहितीपासून फारच लांबचं असेल, तर ते घेणारं कुणी सापडत नाही. वेस्ली कोहेन आणि डॅनिएल लेविन्थाल यांनी 1990 मध्ये कंपन्यांबद्दल मांडलेला विचार प्रदेशांनाही लागू होतो: नवं ज्ञान ओळखायला, घ्यायला आणि वापरायला आधी त्या विषयातलं थोडंफार स्वतःला यावं लागतं. ज्याला काहीच येत नाही, त्याच्यासमोर जगातलं उत्तम तंत्रज्ञान आणून ठेवलं तरी ते खोक्यातच राहतं.

नाशिकच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगता येईल, कारण तो डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी बांधतो. दोन्ही मूळचे बाहेरचे. खुंट अमेरिकेतला, क्षारांना आणि पाण्याच्या ताणाला दाद न देणारा. काडी गोड बिनबियांच्या द्राक्षाची. कलम धरतं ते खुंट आणि काडी नात्यातले असतात म्हणून, आणि त्याचा फायदा होतो तो दोघं सारखे नसतात म्हणून. बाहेरचं ज्ञान रुजायला नेमकं एवढंच अंतर लागतं. अगदी तेच असेल तर नवं काही मिळत नाही, अगदी परकं असेल तर सांधा जुळत नाही.

द्राक्षावर थोडं थांबतो, कारण नाशिकमध्ये हा सगळा सिद्धांत बांधावर उभं राहून पाहता येतो.

युरोपातला वेल हिवाळ्यात झोपतो. पानं गळतात, बर्फ पडतो, वसंतात डोळे फुटतात, शरदात तोडणी होते. दिंडोरी-निफाडचा वेल झोपतच नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी वर्षातून दोन छाटण्या आणि एक पीक ही पद्धत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे वेल पार खाली छाटून नवी काडी तयार करायची. उन्हाळ्यात त्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतो. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, आणि जानेवारी ते एप्रिल माल निघतो. हे रसायन बाहेरचं, मणी वाढवायला वापरतात ते जिबरेलिक आम्ल, म्हणजे आपलं जीए, तेही बाहेरचं, ठिबक इस्रायलकडून शिकलेलं. पण कोणत्या डोळ्यावर छाटायचं, सबकेन (मुख्य काडीचा शेंडा खुडून काढलेली उपकाडी) कधी करायची, घड कोणत्या अवस्थेत जीएत बुडवायचा, विरळणी किती करायची, हे इथल्या बागेत, इथल्या हवामानात, चुकत-शिकत बसलेलं ज्ञान आहे. यात 1960 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचा वाटा मोठा. तासगावकडे थॉमसनमधूनच निवडलेलं तास-ए-गणेश किंवा सोलापूरजवळच्या नान्नजच्या बागेतून आलेलं शरद सीडलेस, ही वाणं तर शेतकऱ्यांनीच शोधलेली. एकाने शोधलं आणि संघाच्या मेळाव्यांतून चार जिल्ह्यांत पसरलं.

अशा जमिनीत वाइन आली.

राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी करून परत आले. नाशिकजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर त्यांनी आंबा, खायची द्राक्षं असं काही करून पाहिलं आणि मग वाइनकडे वळले. सोबत घेतले केरी डॅम्स्की, कॅलिफोर्नियातले वाइन तज्ज्ञ. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यॉन ब्लाँ या जाती लावल्या आणि 2000 मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, पण ती सांगताना जोर नेहमी ‘अमेरिकेतून परतलेला तरुण’ यावर पडतो. माझं लक्ष दुसऱ्या बाजूकडे जातं. कॅलिफोर्नियाच्या तज्ज्ञाला वाइन येत होती, पण न झोपणारा वेल त्याच्या पुस्तकात नव्हता. दोन छाटण्यांचं गणित नाशिकच्या मजुराला आणि बागायतदाराला येत होतं. हाच तज्ज्ञ द्राक्षाची सवय नसलेल्या एखाद्या जिल्ह्यात गेला असता तर त्याला पहिली काही वर्षं छाटणी करणारे हात तयार करण्यातच घालवावी लागली असती.

उलट बाजूनेही शिकणं झालंच. खायच्या द्राक्षाचा बागायतदार टनांत विचार करतो: मणी मोठा, घड भरदार, एकरी उत्पन्न जास्त. वाइनला मणी लहान, साल जाड, बी चालतं, आणि वेलीवर माल कमी ठेवला तर रस चांगला. आयुष्यभर वजन वाढवायला शिकलेल्या माणसाला वजन कमी ठेवायला सांगायचं, हे सोपं नव्हतं. त्यासाठी वायनरींना शेतकऱ्यांशी करार करावे लागले, दराची हमी द्यावी लागली, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, पाहून माल घेण्याची रीत बसवावी लागली. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने राज्याने उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूरला वाइन पार्क आलं. नंतर मोएट हेनेसीसारखी फ्रेंच कंपनी दिंडोरीत शाँदों ही फसफसणारी वाइन बनवायला आली. ती आली तेव्हा इथे वाइनची द्राक्षं लावणारे शेतकरी, टाक्या बनवणारे, प्रयोगशाळेत काम केलेले तरुण आधीच होते. पहिल्याने जे सोसलं, ते दुसऱ्याला सोसावं लागलं नाही.

पण सगळ्यांचं भलं झालं नाही. धोरणानंतर वायनरींचं पेव फुटलं आणि 2008 च्या मंदीनंतर मागणी बसली. माल उचलला जाईना, पैसे अडकले, कित्येकांनी वाइनच्या द्राक्षाच्या बागा तोडल्या. शेतकरी कुठे कमी पडला असं मला वाटत नाही. लावणीचं, आंबवण्याचं तंत्र बाहेरून आलं, पण बाटली विकायची कशी, दुकानदाराला पटवायचं कसं, दोन वर्षं माल धरून ठेवायला भांडवल कुठून आणायचं, हे ज्ञान मोजक्या वायनरींकडेच होतं. उत्पादनाचं ज्ञान आणि बाजाराचं ज्ञान वेगवेगळं असतं आणि एकाबरोबर दुसरं आपोआप येत नाही. शासनाच्या धोरणात हा अर्धा भाग नेहमी राहून जातो.

बाजाराचं ज्ञान मिळवायचा सगळ्यात कडक मार्ग म्हणजे कडक गिऱ्हाईक. 2010 चा हंगाम नाशिकचा निर्यातदार विसरणार नाही. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. बागेत शेंडा आवरायला वापरतात ते लिहोसिन. आपल्याकडे तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतंच. माल अडकला, बँकांची कर्जं थकली. त्याच्या आधीपासून, 2006 पासून, अपेडाची (शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणारी केंद्राची संस्था) ग्रेपनेट व्यवस्था होती: प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंद, नमुन्याची तपासणी, पेटीवरून बागेपर्यंत माग. 2010 च्या फटक्यानंतर ती आणखी घट्ट झाली. आज निफाडचा बागायतदार एमआरएल (रसायनाच्या अंशांची कमाल मर्यादा), पीएचआय (फवारणी ते तोडणी यातलं अंतर) हे शब्द रोजच्या बोलण्यात वापरतो. फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, हे त्याला जर्मनीतल्या सुपरमार्केटने शिकवलं. फी फार मोठी होती, पण शिक्षण जिल्ह्यात राहिलं आणि डाळिंबाला, भाजीपाल्यालाही कामी आलं.

मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी त्याच शिक्षणावर उभी आहे. विलास शिंदे आणि सोबतच्या शेतकऱ्यांनी द्राक्ष निर्यातीपासून सुरुवात केली आणि मग टोमॅटो, आंबा, इतर फळांच्या प्रक्रियेत पाय टाकला. शीतसाखळी तीच, अंशांची तपासणी तीच, युरोपातला खरेदीदार ओळखीचा. जवळच्या नात्यातून पुढे सरकणं म्हणतात ते हेच. वाणांच्या बाबतीतली त्यांची कामगिरी मला त्याहून मोठी वाटते. पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका नव्या रंगीत, पावसाला तोंड देणाऱ्या वाणांकडे गेले आणि आपण थॉमसनवर राहिलो. नवी वाणं पेटंटची. काडी एका शेतातून दुसऱ्या शेतात गेली की मालकाचा हक्क बुडाला, म्हणून पैदासकार भारतात द्यायला बिचकत. आरा जातीची वाणं सह्याद्रीकडे आली ती संघटनेने काडीन्‌काडीचा हिशेब ठेवायची जबाबदारी घेतल्यामुळे. एकट्या-दुकट्या शेतकऱ्याला, कितीही हुशार असला तरी, हे ज्ञान मिळालं नसतं. काही दारं संस्थेलाच उघडतात.

आता शेतातून सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे येऊ.

साठच्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत सुरू झाली तेव्हा नाशिक म्हणजे तीर्थक्षेत्र, तांबट आळीतली भांडी, विड्या आणि नाशिकरोडचा छापखाना. मग मायको आली. आज कंपनीचं नाव बॉश झालं तरी चौक मायको सर्कलच आहे. डिझेल इंजिनात इंधन फवारणारे नोझल आणि इंजेक्टर इथे बनतात. नोझलची भोकं मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकी आणि आतली सुई काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फटीत वरखाली होणारी. हे काम नाशिकमधल्या कुठल्याही जुन्या धंद्याच्या नात्यातलं नव्हतं. जर्मनीतलं ज्ञान थेट येऊन उतरलं.

मग सिद्धांताचं काय? त्याला उत्तर नेफके आणि सहकाऱ्यांच्याच 2018 च्या अभ्यासात आहे. पुन्हा स्वीडन, पण आता प्रश्न वेगळा: प्रदेशाला वेगळ्या वाटेवर नेतं कोण? स्थानिक जुन्या कंपन्या बहुतेक आहे तेच पक्कं करत राहतात. मोठा बदल आणतात ते बाहेरून येणारे, आणि दीर्घकाळ टिकणारा बदल बाहेरच्या कंपन्यांच्या नव्या शाखांमुळे होतो. कारण शाखेच्या पाठीशी मूळ कंपनीचं ज्ञान आणि पैसा असतो. स्थानिक कसब तयार होईपर्यंत ती दम धरू शकते. एकटा स्थानिक उद्योजक तेवढा दम धरू शकत नाही.

म्हणून कारखाना बाहेरून येणं महत्त्वाचं आहेच. पण त्याच्या फाटकातून बाहेर काय पडतं, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

अंबडच्या एखाद्या गाळ्यात जा. पुढे दोन-चार सीएनसी मशीन, मागे जुना लेथ, कोपऱ्यात काचेची छोटी खोली आणि तिला एसी. मालकाच्या केबिनला पंखा आणि मोजमापाच्या खोलीला एसी, हे पाहून नवख्याला नवल वाटतं. गणित असं आहे. जगभर मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात. पोलादाचा 100 मिलिमीटर लांबीचा नग दर अंशाला साधारण 1.15 मायक्रॉनने वाढतो. नाशिकच्या एप्रिलमध्ये शेडमध्ये 38 अंश असतील तर तोच नग 20 मायक्रॉनने जास्त भरतो. मोठ्या कंपनीच्या ड्रॉइंगवर सूट, म्हणजे मापातला चालणारा फरक, असते 10 मायक्रॉनची. मशीनवरून उतरवलेला गरम नग थंड गेजने मोजला तर चांगला नग नापास होतो, किंवा त्याहून वाईट, नापास नग पास होतो आणि गिऱ्हाइकाकडून अख्खी लॉट परत येते. म्हणून नग आधी त्या खोलीत ठेवतात, तापमान एक होऊ देतात, मग मोजतात. ही शिस्त गाळ्याला कुणी वर्गात शिकवलेली नसते. मोठ्या कंपनीचा क्वालिटीवाला येतो, रिजेक्शनचं कारण शोधत चार दिवस मशीनशेजारी उभा राहतो आणि जाताना एक फॉर्म आणि एक सवय मागे ठेवून जातो. पुढे त्या गाळ्यातला ऑपरेटर स्वतःचं मशीन घेतो, बँकेचं कर्ज काढतो, आणि तीच सवय दुसऱ्या गाळ्यात, दुसऱ्या मालासाठी जाते.

ज्ञान असं माणसागणिक कसं पसरतं याचं गाजलेलं उदाहरण बांगलादेशातलं आहे. 1979 मध्ये तिथल्या देश गारमेंट्स या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून 130 जणांना शिवणकामाच्या प्रशिक्षणासाठी कोरियाला पाठवलं. परतल्यावर काही वर्षांतच त्यातले बहुतेक जण कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. कंपनीच्या दृष्टीने ते नुकसान होतं. देशाला त्यातून तयार कपड्यांचा उद्योग मिळाला. आपल्याकडे माणूस सोडून गेला की मालकाला वाईट वाटतं, ते साहजिक आहे. पण अंबडची निम्मी टूलरूम अशा सोडून गेलेल्या माणसांनीच उभी केली आहे, असं तिथे फिरणारा कुणीही सांगेल. आणि नाशिक जिल्ह्यात हे नवं नाही. मालेगावचा माग 1857 नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांनी आणला. त्यांच्या सामानापेक्षा त्यांचे हातच मोलाचे होते.

आता फाटक बंद राहिलं तर काय होतं, तेही नाशिकमध्येच दिसतं. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसने 1920 च्या दशकात टपाल तिकिटं छापायला घेतली. त्याआधी ती लंडनच्या डे ला रू कंपनीत छापली जात. 1928 मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला. जगातल्या सर्वांत अवघड छपाईचं तंत्र शहरात येऊन शंभर वर्षं होत आली. ओझरला एचएएलचा कारखाना 1964 मध्ये सोव्हिएत परवान्यावर मिग-21 बनवायला सुरू झाला. पुढे मिग-27, मग सुखोई-30, आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये इथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. हजारो कुटुंबं यावर उभी राहिली, अभिमानाची गोष्ट आहे. पण छपाईत नाशिक देशात पुढे आलं का? विमानांच्या सुट्या भागांसाठी नाशिकचं नाव, पुण्याचं वाहनांसाठी घेतात तसं, घेतलं जातं का? माझ्या मते, जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

दोष कामगारांचा नाही. नोटांच्या छपाईला गुप्तता हवीच. विमानाचं म्हणाल तर परवान्यावर बनवताना ड्रॉइंग बाहेरून येतं आणि ते बदलायचा अधिकार नसतो. ‘कसं बनवायचं’ हे शिकता येतं, ‘असंच का’ हे विचारायची मुभा नसते. गिऱ्हाईक एकच, ऑर्डर कधी येईल ते दिल्लीत ठरतं. दोन ऑर्डरींमधली रिकामी वर्षं छोट्या व्हेंडरला परवडत नाहीत. शिवाय कायम नोकरीतला माणूस निवृत्तीपर्यंत आतच राहतो, त्यामुळे ज्ञान त्याच्याबरोबर बाहेर पडत नाही, आणि पडतं तेव्हा साठीला आलेलं असतं. तेजसची गोष्ट वेगळी होऊ शकते. आराखडा भारतीय असल्यामुळे बदल सुचवायला जागा आहे. तेजसची ओझरला असलेली तिसरी उत्पादन साखळी नाशिकच्या किती गाळ्यांपर्यंत पोहोचते, हे पुढच्या दशकात प्रत्येक नाशिककराने विचारत राहायला हवं.

आणखी एक गोष्ट नाशिकमध्ये वर्षानुवर्षं बोलली जाते: आयटी का आलं नाही? मुंबई-पुणे जवळ, हवा चांगली, घरं स्वस्त. अपवाद आहेत. सातपूरची ईएसडीएस ही डेटा सेंटरची कंपनी इथेच वाढली. पण इमारती बांधून आणि पार्कची पाटी लावून उद्योग येत नाही. पुण्यात सॉफ्टवेअर रुजलं तेव्हा तिथे संशोधन संस्था होत्या, महाविद्यालयं होती, संगणकावर काम केलेली माणसं होती. नाशिकचं नातं यंत्र, वीज आणि शेतीशी आहे. सॉफ्टवेअर इथे यायचं असेल तर ते बहुधा याच नात्यातून येईल: कारखान्याच्या मशीनमधला डेटा वाचणारं, बागेतल्या आर्द्रतेवरून डाऊनी या बुरशीरोगाचा इशारा देणारं, विजेच्या पॅनेलला बुद्धी देणारं. त्या वाटेने येणाऱ्या लहान कंपनीला पहिलं गिऱ्हाईक दहा मिनिटांवर सापडतं.

प्रश्न तातडीचा आहे, कारण पुढचं वळण समोर दिसतंय. डिझेल ओसरतं आहे आणि विजेच्या गाडीला नोझल लागत नाही. ज्या कसबाने नाशिकचा कारखानदार दोन पिढ्या जगला, ते कसब कुठे न्यायचं? मायक्रॉनमधलं काम येणाऱ्या हातांना हायड्रॉलिक्सचे व्हॉल्व्ह जवळचे आहेत, वैद्यकीय उपकरणांचे भाग जवळचे आहेत, विमानाचे सुटे भागही. हात तयार आहेत. कमी आहे ती बाहेरच्या ज्ञानाची, आणि ती नेमकी कोणती हे सांगता येतं. वैद्यकीय मालाला आयएसओ 13485 हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं, विमानाला एएस 9100. म्हणजे प्रत्येक नगाचा इतिहास ठेवणं, वापरलेल्या धातूचा दाखला जपणं, स्वच्छ खोलीत काम करणं. बोश्मा आणि पिएर-अलेक्झांडर बॅलां यांनी युरोपातल्या प्रदेशांबद्दल हेच दाखवलं आहे: दुसऱ्या प्रदेशाशी नुसता संबंध असून फारसं काही होत नाही, आपल्याकडे जे नाही पण आपल्या कामाला पूरक आहे असं ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी संबंध असावा लागतो. नाशिकच्या उद्योजकांची शिष्टमंडळं परदेशी प्रदर्शनांना जातात, तेव्हा सगळ्यात मोठ्या दालनापेक्षा आपल्या एका उणिवेचं उत्तर जिथे आहे त्या छोट्या दालनात जास्त वेळ द्यायला हवा. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी हे काम आधी घरून करून जावं: आपल्या सभासदांकडे कोणती मशीन आहेत, कोणती सूट ते खात्रीने धरू शकतात, कुणाला कुठली कामं येतात याची खरी यादी. ती यादी हातात असल्याशिवाय पूरक काय, हे कळणार कसं?

विजेच्या साहित्यात नाशिकची बाजू सगळ्यात बळकट आहे, असं मला वाटतं. एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन यांच्यामुळे स्विचगियर, म्हणजे वीजप्रवाह जोडणारं-तोडणारं साहित्य, बनवणारे आणि त्यांना माल पुरवणारे शेकडो हात इथे तयार झाले. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला लागणारं खास पोलाद इगतपुरीजवळ जर्मन थिसेनक्रुपच्या कारखान्यात बनत असे. तो कारखाना आता जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांनी मिळून घेतला आहे, म्हणजे ज्ञानाचा आणखी एक नवा स्रोत जिल्ह्यात आला. अडचण होती ती चाचणीची. स्विचगियर विकण्याआधी शॉर्ट सर्किटच्या प्रचंड प्रवाहात ते टिकतं का, हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून सिद्ध करावं लागतं. त्यासाठी केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेकडे भोपाळला किंवा बेंगळुरूला माल पाठवायचा, नंबर यायची वाट पाहायची. नापास झाला तर अहवाल टपालाने. मोठ्या कंपनीला हे जमतं. लहान कारखानदार मात्र जुनंच डिझाइन चालवत राहतो, कारण नवं करून पाहायची किंमत त्याला झेपत नाही.

आता नाशिकजवळच्या शिलापूरला त्याच संस्थेची प्रयोगशाळा आली आहे. प्रमाणपत्र लवकर मिळेल, हा तिचा उपयोग सगळेच सांगतात. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो. पॅनेल चाचणीत जळतं तेव्हा ते बनवणारा फिटर, त्याचं ड्रॉइंग काढणारी मुलगी आणि मालक तिघंही तिथे उभे असू शकतात. बसबारचा, म्हणजे आतल्या वीज वाहणाऱ्या पट्टीचा, आधार कुठे वाकला, आर्क, म्हणजे ठिणगीचा लोळ, कुठून बाहेर आला, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं, चाचणी घेणाऱ्या अभियंत्याला जागेवरच प्रश्न विचारता येतात आणि संध्याकाळी अंबडला परतून तोच आधार बदलता येतो. त्यासाठी संस्थेने लहान उद्योगांना केवळ शिकण्यासाठीच्या, प्रमाणपत्राशिवायच्या चाचण्या परवडणाऱ्या दरात द्यायला हव्यात आणि जवळच्या आयटीआय व तंत्रनिकेतनातल्या मुलांना त्या पाहायला येऊ द्यायला हवं. नाशिकच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या सामंजस्य कराराच्या आधी ही मागणी लावून धरावी.